विठूचा पोपट झाला

डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत दोन प्रकारचे प्राणिमित्र राहतात. एक, वेळासला जाऊन कासवं पाहून आलेले. दुसरे, घरी पोपट पाळणारे. दुर्दैव असं की, पुष्कळदा ही दोन्ही माणसं एकच असतात. आमचे शेजारी नाना त्यांतलेच.

गेल्या मार्चात आम्ही मिनीबस करून वेळासला गेलो. मंडणगड तालुक्यातल्या या गावात २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. कासवीण म्हणजे बँकेला स्वप्नात दिसणारी खातेदार! रात्री येते, वाळूत शंभरेक अंड्यांची ठेव ठेवते आणि पावती न मागता, नॉमिनी न लावता समुद्रात परत जाते. पन्नासेक दिवसांनी ठेव पिकते. पहाटे टोपली उचलली, इवली पिल्लं लाटांकडे निघाली आणि नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, जन्मल्याबरोबर स्वातंत्र्य!"

घरी आल्यावर नानांनी पहिलं काम केलं ते म्हणजे विठूच्या पिंजऱ्याची कडी तपासली.

"त्याला पेरू मिळतो, मिरची मिळते. मांजराचं भय नाही," नाना म्हणतात. अहो नाना, मीही कॅशियरच्या पिंजऱ्यात अठरा वर्षं काढली. पण संध्याकाळी माझी कडी निघायची, शिवाय पगार मिळायचा!

"कासव दुर्मीळ. पोपट काय, ढिगानं आहेत." ढिगानं आहेत म्हणून कोंडायचं, तर सकाळच्या लोकलला लटकणारे आपण दोघं आधी आत जाऊ. आणि कायदा? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली सुधारणा झाली. कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आपला कंठवाला पोपट दुसऱ्या. त्याला घरात डांबणं हा गुन्हाच. विठूचा अपराध एवढाच की, तो आपली भाषा शिकला. कासव शहाणं, ते बोललंच नाही.

हे मी कोणत्या तोंडानं सांगतो? लहानपणी आमच्याकडेही पोपट होता. त्याला 'या, बसा' मीच शिकवलं. संध्याकाळी बाहेरून थवा ओरडत गेला की तो गजांना लटकून आकांत करी. आम्ही म्हणायचो, "गातोय!" तो पिंजऱ्यातच मेला. 'जा' हा शब्द त्याला घरात कोणीच शिकवला नव्हता.

म्हणून सांगतो नाना, विठूला खिडकीतून उडवू नका. पिंजऱ्यात वाढलेला, तो बाहेर तगायचा नाही. वनखात्याला कळवा. वेळासला गाळलेल्या अश्रूंची तेवढी तरी वसुली होऊ द्या.

नाना सध्या माझ्याशी बोलत नाहीत. विठू बोलतो. मी जिना चढताना दिसलो की म्हणतो, "या, बसा."