वाशीमचे शस्त्रक्रियागृह आणि घरी परतणारा रुग्ण

महाराष्ट्रातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. त्यांत वाशीमच्या महाविद्यालयाचा समावेश होता. इंग्रजी अमलात स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे असलेले, १९०५ मध्ये अकोल्याच्या पदरी घातले गेलेले आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्ह्याचा मान मिळविलेले हे शहर. कठीण दुखणेकऱ्याला अकोला, यवतमाळ, नाही तर थेट नागपूर दाखविण्याची येथील रीत जुनी आहे. यवतमाळला १९८९ मध्ये आणि अकोल्याला २००२ मध्ये महाविद्यालय आले. वाशीमच्या रुग्णाचा प्रवास तेवढा तोकडा झाला, थांबला नाही. आता शंभर विद्यार्थ्यांचे महाविद्यालय गावातच उघडले असता हा प्रवास संपेल, अशी लोकांनी आशा धरावी यात गैर काही नाही. मात्र ही आशा फळास यावयाची, तर महाविद्यालयाचे यश कशावर मोजावयाचे, हे आरंभीच ठरवावयास हवे.

सरकारी मोजमाप ठरलेले असते. जागा किती, खाटा किती, अध्यापक किती. शंभर विद्यार्थ्यांमागे ४२० खाटांचे रुग्णालय असावे, असा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचा २०२३ चा दंडक आहे. तो योग्यच आहे. पण खाट ही काही शस्त्रक्रिया करीत नाही. जागतिक शस्त्रक्रिया-सेवेचा विचार करणाऱ्या लॅन्सेट आयोगाने २०१५ मध्ये याहून साधी कसोटी सुचविली. अडलेल्या बाळंतिणीची सुटका, पोट उघडून करावयाची तातडीची शस्त्रक्रिया आणि कातडी फाडून बाहेर आलेल्या मोडक्या हाडाचा उपचार, या तीन गोष्टी रुग्णाच्या घरापासून दोन तासांच्या आत होतात काय? ज्या रुग्णालयात या तिन्ही होतात, तेथे बाकीचे पुष्कळ काही होऊ शकते. मानोरा वा रिसोडच्या टोकाकडील गावाहून अकोल्याला पोचता पोचता हे दोन तास वाटेतच सरून जातात, हे त्या भागातील कोणीही सांगेल.

याच आयोगाने दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ५,००० शस्त्रक्रियांची गरज धरली आहे. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. म्हणजे जिल्ह्याची गरज वर्षाला ६० हजार शस्त्रक्रियांची, दिवसाला दीडशेहून अधिक. त्यांतील मोठा वाटा खाजगी दवाखाने उचलतील असे मानले, तरी सरकारी रुग्णालयाच्या वाट्याला उरणारा भार लहान नाही. शिवाय सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रात सापडणारे हात आहेत, आणि ११ डिसेंबर २०२२ पासून वाहता झालेला, कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून धावणारा समृद्धी महामार्ग आहे. वेगाबरोबर अपघात येतात, आणि अपघात रात्रीही होतात.

खरा प्रश्न रात्रीचाच आहे. मोठ्या शहरातील जुन्या महाविद्यालयांत मध्यरात्री शस्त्रक्रियागृहाचा दिवा लागतो, तो मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या बळावर. नव्या महाविद्यालयात हे बळ पहिल्या दिवशी नसते. वाशीमची पहिली तुकडी २०२४ मध्ये दाखल झाली. साडेचार वर्षांचा अभ्यास, एक वर्षाची आंतरवासिता आणि त्यानंतर शल्यशास्त्राची तीन वर्षे असा हिशेब मांडला, तर त्यांतील एखादा विद्यार्थी शल्यविशारद होऊन बाहेर पडण्यास २०३३ उजाडेल. तोपर्यंत रात्री दोन वाजता आतडे फुटलेला रुग्ण आला, तर चाकू कोणी हाती धरावयाचा? आणि चाकू धरणारा मिळाला, तरी भूल कोणी द्यावयाची? जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया अडते ती पुष्कळदा सर्जनावाचून नव्हे, भूलतज्ज्ञावाचून. रक्तपेढी, प्रशिक्षित परिचारिका आणि न थांबणारी वीज यांचीही गोष्ट तीच.

येथे पदांचा विचार येतो. आपल्याकडे जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेतील एका मोठ्या अधिकाऱ्यास ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ म्हणतात. पदाच्या नावात शल्य राहिले. दिवस मात्र फायली, प्रमाणपत्रे आणि बैठका यांत जातो. नव्या महाविद्यालयातील प्राध्यापकपदाचे असेच होऊ नये. तपासणीच्या तोंडावर जुन्या महाविद्यालयांतील अध्यापक तात्पुरते हलवावेत आणि तपासणी उरकताच ते परतावेत, ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. असा पाहुणा अध्यापक हजेरीपटाची सोय करतो. विद्यार्थ्याच्या हाताला वळण लावू शकत नाही. जुलै २०२५ मध्ये आयोगाने नियम बदलले. किमान २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षे काढलेल्या तज्ज्ञास सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट आता मोकळी झाली आहे. यामुळे दर्जा खालावेल अशी ओरड झाली. ती सर्वस्वी निराधार नाही. पण ज्याने दहा वर्षे जिल्ह्यात राहून रात्री-अपरात्री पोटे उघडली, त्याच्याजवळ शिकविण्यासारखे काही नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. खानदेशातील दोंडाईचासारख्या गावी शस्त्रक्रिया करणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत वापरले आणि २००३ मध्ये त्याचा अनुभव ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त मांडला. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची महाग जाळीशी रीतसर तुलना झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत वर्षभरानंतरही दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. शल्यशास्त्रातील ज्ञान केवळ राजधान्यांतच उपजते, हा समज दोंडाईचाने खोटा ठरविला आहे.

विद्यार्थ्याने शिकावे कोणावर, हाही नाजूक विषय. सुश्रुतसंहितेत शिष्याने आधी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेद घेण्याचा आणि जाड कापडाच्या काठांवर शिवण घालण्याचा सराव करावा, असे सांगितले आहे. पहिला टाका माणसाच्या कातडीवर पडू नये, हा त्यामागील विवेक. आज रबरी कातडीचे नमुने आणि पुतळे मिळतात. त्यांची खोली प्रत्येक महाविद्यालयात असावी आणि तिला कुलूप नसावे. गरीब रुग्ण हा शिकण्याचे फुकट साधन आहे, ही भावना एकदा रुजली की ती उपटणे कठीण जाते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची जागा, रक्ताची तयारी मोठ्याने वाचून पडताळण्याची जी यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये तयार केली, तीही येथे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडावी. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा वापर झाला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. एका कागदाची ही किमया आहे.

एवढे सारे झाले, तरी अर्धेच काम झाले. टाके घालून रुग्ण घरी गेला म्हणजे बरा झाला, असे कागदोपत्री धरले जाते. प्रत्यक्षात तो एस.टी.ने किंवा दाटीवाटीच्या जीपने खड्डे सोसत गावी जातो. घरी कोणी तरी वडीलधारे डाळ बंद करतात, कारण डाळीने जखमेत पू होतो अशी समजूत असते; जखम भरून यावयास ज्या प्रथिनांची गरज, नेमकी तीच ताटातून जातात. ड्रेसिंगसाठी शहरात यावयाचे, तर एकाची नव्हे, सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते. महिनाभर बुडालेल्या मजुरीचा हिशेब तिच्यात नाही. म्हणून अंतर्गळाची शस्त्रक्रिया झालेला माणूस पंधराव्या दिवशी सोयाबीनची पोती उचलू लागतो, आणि मळणी यंत्रातून वाचविलेला हात व्यायामावाचून आखडून जातो. अशा वेळी दोष शस्त्रक्रियेला दिला जातो आणि पुढचा रुग्ण दवाखान्यात यावयास कचरतो.

यावर उपाय करण्याचे साधन हाताशी आहे. सेवाग्रामच्या महाविद्यालयाने १९६९ मध्ये स्थापनेपासूनच विद्यार्थ्याला खेड्याशी बांधून घेतले. प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यावयाचे, अशी तेथील प्रथा आहे. आयोगानेही आता देशभरातील विद्यार्थ्यांना काही ग्रामीण कुटुंबे दत्तक घेणे बंधनकारक केले आहे. वाशीमने याच योजनेला एक कलम जोडावे. दत्तक गावातील ज्या कोणाची शस्त्रक्रिया होईल, त्याच्या घरी विद्यार्थ्याने दहाव्या आणि तिसाव्या दिवशी आशा सेविकेसह जावे, जखम पाहावी, ताटात काय आहे ते पाहावे, आखडणाऱ्या सांध्याचा व्यायाम करवून घ्यावा आणि जे दिसले ते लिहून शस्त्रक्रिया करणाऱ्या अध्यापकास दाखवावे. दर महिन्याच्या शेवटी या नोंदी विभागाच्या बैठकीत उघडपणे वाचल्या जाव्यात. किती जखमा चिघळल्या आणि किती जण कामावर परतले, हे आकडे रुग्णालयाच्या दाराशी फळ्यावर लिहिले जावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही. एक जीप, थोडे डिझेल आणि विद्यार्थ्याची वही वाचण्यास अर्धा तास देणारा अध्यापक, एवढ्यावर हे काम पुढच्या महिन्यापासून सुरू करता येईल.