मरणाच्या फॉर्मवर आपली जात कुठे आहे?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतले एक काका वारले. वय चव्वेचाळीस. वीस वर्षं कंत्राटदाराच्या हाताखाली गटारं आणि सेप्टिक टँक साफ केले. शेवटची दोन वर्षं नुसता खोकला आणि धाप. घरीच गेले. त्यांच्या मुलाबरोबर मृत्यूची नोंद करायला मी गेलो होतो. फॉर्मवर धर्म विचारला होता, आम्ही 'बौद्ध' लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यात मुलगा 'सफाई कामगार' लिहायला लागला, तर टेबलापलीकडून आवाज आला, "मजूर लिहा, चालतं." कारण लिहिलं गेलं, हृदयक्रिया बंद पडून. पुढे प्रश्न होते: विडी-सिगारेट किती वर्षं ओढत होते? तंबाखू? पानमसाला? दारू?

मेलेला माणूस किती वर्षं तंबाखू खात होता हे या देशाच्या सरकारला माहीत करून घ्यायचंय. तो कोणत्या जातीत जन्मला आणि त्या जातीने त्याच्या हातात कोणतं काम दिलं, हे मात्र नको आहे. हृदयक्रिया तर प्रत्येक मेलेल्या माणसाची बंद पडते. प्रश्न असा की चव्वेचाळिसाव्या वर्षी ती कोणाची बंद पडते?

मित्रांनो, आपल्या भाषणांत, पोस्टांत एक आकडा नेहमी असतो: दलित स्त्रिया सवर्ण स्त्रियांपेक्षा साडेचौदा वर्षं आधी मरतात. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालात तो आला, ३९.५ वर्षं विरुद्ध ५४.१ वर्षं. मीही तो वापरलाय. पण तो २००४ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणावरून काढलेला आहे आणि ते मृत्यूसमयीचं सरासरी वय आहे, आयुर्मान नव्हे. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या एका सर्वेक्षणाच्या काठीवर आपण आजही उभे आहोत. उद्या कोणी विचारलं, "तुमच्या जिल्ह्यात गेल्या वर्षी अनुसूचित जातीच्या किती बाया बाळंतपणात गेल्या?", तर आपल्याकडे उत्तर नाही. सरकारकडेही नाही. आणि ज्याचं उत्तर सरकारकडे नसतं त्याची जबाबदारीही सरकारवर नसते.

असं का होतं ते समजून घेऊ. २००८ पासून देशात एचएमआयएस ही आरोग्य माहितीची यंत्रणा चालते. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत दोन लाखांहून जास्त आरोग्य संस्था दर महिन्याला तिच्यात आकडे भरतात. किती गरोदर बायांची नोंद, किती बाळंतपणं, किती लसी, किती मृत्यू. या मासिक अहवालात अनुसूचित जाती-जमातींची वेगळी फोड नाही. एखाद्या उपकेंद्राने शंभर टक्के लसीकरण दाखवलं, तर बौद्धवाड्यातली किंवा पारधी पालावरची राहिलेली दहा पोरं त्यात कुठे बुडाली ते कोणालाच कळत नाही. शिवाय अहवालात मृत्यू दाखवला की चौकशी खालच्या बाईच्या गळ्यात पडते, नर्सताईच्या आणि मोबदल्यावर राबणाऱ्या आशाताईच्या. म्हणून मृत्यूच्या रकान्यात 'निरंक' लिहिणं सोयीचं ठरतं.

इथे कोणी तरी हमखास म्हणतं, "आजाराला जात नसते." जंतूला नसते, मान्य. पण पिण्याचं पाणी, घराची जागा, पोटातलं अन्न, दवाखान्यातली वागणूक आणि कामाचं स्वरूप, यांना जात असते. सरकारच्याच २०१५-१६ च्या सर्वेक्षणात पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं दर हजारी अनुसूचित जातींत ५६, जमातींत ५७ आणि खुल्या गटात ३९ होती. हा फरक जंतूने केलेला नाही. पण असं सर्वेक्षण काही वर्षांतून एकदा होतं आणि त्यातला जिल्ह्याचा नमुना इतका लहान असतो की तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला त्यावरून जाब विचारता येत नाही. जाब विचारायला रोजची नोंद लागते.

अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर वंशाची नोंद होते. म्हणून तिथल्या कृष्णवर्णीय बाया २०२१ चा आकडा सरकारच्या तोंडावर मारू शकतात: दर लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ६९.९, गोऱ्या मातांचे २६.६. नोंदीने वंशवाद संपला नाही. पण तो नाकारणं अवघड झालं.

दुसरा आक्षेप आपल्यातलेच लोक घेतात आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. "दवाखान्यात जात लिहिली तर आणखी भेदभाव होईल." ही भीती खोटी नाही, आपल्या आया-बहिणींनी ती भोगलेली आहे. पण आडनाव आणि वस्तीचा पत्ता ऐकून जात काढणाऱ्यांना रकाना लागत नाही. रकाना लागतो तो त्यांच्या वागण्याचा हिशेब मागणाऱ्यांना. शिवाय मृत्यू नोंदणीच्या फॉर्मचे दोन भाग असतात, एक कायदेशीर आणि एक सांख्यिकीय. धर्म, व्यवसाय, तंबाखू हे सगळं सांख्यिकीय भागात येतं, दाखल्यावर छापलं जात नाही. जातप्रवर्गाचा रकाना तिथेच टाका. ज्याला सांगायचं नाही त्याच्यावर सक्ती नको. नाव कुठेही बाहेर जायला नको, फक्त बेरीज जाहीर करा. आणि जात विचारताच येत नाही असंही नाही. माता-बाल नोंदींच्या आरसीएच पोर्टलवर गरोदर बाईचा प्रवर्ग विचारलाच जातो. विचारतात, पण मासिक अहवालात तो वर येत नाही. म्हणजे अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

बाबासाहेब १९३२ मध्ये लोथियन समितीवर होते. मताधिकाराचा प्रश्न आला तसे संयुक्त प्रांत आणि बंगालमधले लोक सांगू लागले की आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच. कालपर्यंत जनगणनेत असलेली माणसं हक्क द्यायची वेळ येताच कागदावरून कमी झाली. बाबासाहेबांनी तो डाव ओळखला आणि संख्येसाठी भांडले. आपली संख्या कमी दाखवणं हा आपला हक्क मारण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

आता २०२७ च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे. आपण त्यासाठी लढलो, आनंद आहे. पण मृत्युदर म्हणजे अपूर्णांक. जनगणना त्याचा छेद देईल, आपण किती आहोत हे सांगेल. अंश, म्हणजे आपल्यातले किती मरतात, कोणत्या वयात आणि कशाने, तो जन्म-मृत्यू नोंदणी आणि एचएमआयएसमधूनच यायचा आहे. नुसत्या छेदाने गणित सुटत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. एक, मृत्यू नोंदणीच्या सांख्यिकीय भागात जातप्रवर्ग. बौद्धांसाठी धर्म आणि प्रवर्ग दोन्ही वेगळे, म्हणजे 'बौद्ध' लिहिलं म्हणून माणूस अनुसूचित जातीच्या हिशेबातून गळणार नाही. दोन, एचएमआयएसच्या मातामृत्यू, बालमृत्यू आणि लसीकरणाच्या आकड्यांची प्रवर्गनिहाय फोड, तालुक्यापर्यंत जाहीर. तीन, व्यवसायाच्या रकान्यात सफाई काम, गटारकाम, ऊसतोड, वीटभट्टी असे स्पष्ट पर्याय. चार, खरा मृत्यू नोंदवणाऱ्या आशाताई-नर्सताईंना शिक्षा नाही, संरक्षण.

हे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. वस्तीत मयत झाली की आपण तीन दिवस राबतो, मांडवापासून बुद्धवंदनेपर्यंत. त्यात एक काम वाढवा. नोंदणीच्या वेळी घरच्यांबरोबर जा. व्यवसाय खरा लिहायला लावा. फॉर्म जमा करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वस्तीची एक वही ठेवा: वय, काम, आजार, कोणत्या दवाखान्यात नेलं, किती वेळ थांबवलं. वर्षाअखेरीस ती वही आणि माहिती अधिकारात मिळवलेले सरकारी आकडे ग्रामसभेत, नगरपालिकेत समोरासमोर ठेवा.

काकांच्या फॉर्मवर शेवटी 'मजूर' असंच राहिलं. तेव्हा मी गप्प बसलो, दिवस दुःखाचा होता, मुलाला घरी जायचं होतं. ती चूक माझीही आहे. आमच्या वस्तीच्या वहीत पहिल्या पानावर आता त्यांचं नाव आहे, आणि पुढे लिहिलंय: वय ४४, सफाई कामगार, वीस वर्षं.

जय भीम!