मेळाव्याची तारीख

निवासी शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा इतर शाळांच्या मेळाव्यासारखा नसतो. दिवसाच्या शाळेत मूल पाच-सहा तास असते आणि सायंकाळी घरी जाते. निवासी शाळेत ते जेवते, झोपते, आजारी पडते, रात्री आईच्या आठवणीने रडते आणि सकाळी बुद्धवंदनेला उभे राहते. त्यामुळे दहा-वीस वर्षांनी तेथे पाऊल ठेवणे म्हणजे दुसऱ्या घरी येणेच होय. मात्र त्या मुलाचे पहिलेही एक घर असते, आणि आपल्या मेळाव्यात त्या घराला कोठे जागा असते, हा प्रश्न मला या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडायचा आहे. स्मरणिकेत गौरवपर लिहिण्याचा प्रघात आहे. तो थोडा बाजूला ठेवतो.

आपला मेळावा आणि वार्षिक स्नेहसंमेलन डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत होते. बहुतेक शाळांचे तेव्हाच होते. हवा थंड असते, सहामाही उरकलेली असते, पुणे-मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांना नाताळाच्या रजेला जोडून येता येते, प्रमुख पाहुणे मोकळे असतात. या सर्व सोयी खऱ्या आहेत. पण बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून आपल्याकडे येणाऱ्या मुलांपैकी ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यांचे पालक त्या दिवसांत सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर येथे किंवा सीमेपलीकडे बेळगावकडे उसाच्या फडात असतात. दसरा आणि दिवाळी यांच्या दरम्यान टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे, कधी त्याहूनही उशिरा परततात. म्हणजे ज्यांच्या मुलांसाठी ही शाळा उभी राहिली, त्यांना नेमके येता येणार नाही असा दिवस आपण दरवर्षी निवडतो. निमंत्रणपत्रिकेवर ‘सहकुटुंब’ हा शब्द मात्र न चुकता छापलेला असतो.

अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत शरद ऋतूत ‘होमकमिंग’ नावाचा सोहळा होतो. फुटबॉलचा सामना, मिरवणूक, नृत्य असा सारा थाट असतो. तेथे तारीख ठरते ती आपल्या संघाचा सामना आपल्याच मैदानावर केव्हा आहे हे पाहून. आपल्याकडे ती ठरते मंडपवाला आणि प्रमुख पाहुणे यांच्या सोयीने. पालक केव्हा गावात असतात हे पाहून ती ठरविली, असे माझ्या नोकरीच्या काळात एकदाही झाले नाही.

याला कोणी कार्यक्रमपत्रिकेचा किरकोळ वाद म्हणेल. माझ्या मते ही बाब आपल्या मुलींच्या शिक्षणाशी, पुष्कळदा त्यांच्या आयुष्याशी जोडलेली आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा एक रकाना असतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे रजिस्टर शाळेतील सर्वांत मोलाचे दप्तर वाटते. जातपडताळणीसाठी उताऱ्याची नक्कल मागायला जो माजी विद्यार्थी कार्यालयाच्या खिडकीशी येतो, त्याला त्याचे मोल वेगळ्या कारणाने माहीत असते, आणि कित्येकांचे शाळेकडे परत येणे तेवढेच असते. तर त्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ किंवा ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे निर्विकार शेरे असतात. त्यांच्याजवळची तारीख पाहावी. मुलगी सातवी-आठवीत असते आणि महिना बहुधा दिवाळीनंतरचा असतो. सुट्टीत घरी गेलेली मुलगी परत येत नाही. धाकट्या भावंडाला सांभाळायला, कोपीवर भाकरी करायला ती टोळीबरोबर गेलेली असते.

काहींच्या बाबतीत त्यापुढची गोष्ट घडते. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीच्या हिशेबाने. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो, म्हणून लग्ने घाईने उरकली जातात. मुलीकडे पाहिले तर वयात आलेल्या मुलीला गावी एकटे ठेवण्याची भीती असते. कायद्याने अठरा वर्षे सांगितली असली, तरी हंगामाचे गणित कायद्याला विचारीत नाही. केवळ अज्ञानातून हे होते असे समजणाऱ्यांनी उचलीची रक्कम आणि ती फेडण्याचे दिवस यांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. पालकांना मुलगी शिकायला नको असते असे नाही. निर्णयाच्या त्या आठ-पंधरा दिवसांत त्यांच्याजवळ मुकादम असतो, नातेवाईक असतात. शाळा मात्र नसते. शाळा त्यांना भेटायला बोलावते ती जानेवारीत.

म्हणून माझे म्हणणे असे की मेळावा आश्विन पौर्णिमेलगतच्या रविवारी घ्यावा. ही तिथी विजयादशमीनंतर पाचव्या दिवशी येते. प्रथम सत्राची परीक्षा तोवर झालेली किंवा संपत आलेली असते, दिवाळीची सुट्टी पुढे असते, आणि बहुतेक टोळ्या हलायच्या असतात. निघण्यापूर्वी आईवडील मुलांना भेटायला, तेलाची बाटली, साबण आणि चार पैसे द्यायला वसतिगृहावर येतातच. फाटकाशी उभे राहून, घाईत, चपला हातात धरल्यासारखे संकोचून येतात. त्यांच्या त्या येण्यालाच आपण मेळाव्याचे रूप द्यावे, एवढेच मी सुचवीत आहे.

या तिथीला आणखी एक अर्थ आहे आणि बौद्ध संस्थेने तो विसरता कामा नये. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो. त्या दिवशी भिक्खुसंघ पवारणा करतो. तीन महिने एकत्र राहिलेला प्रत्येक भिक्खू संघासमोर विनंती करतो की माझ्या वर्तनात काही दोष आपण पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर कृपया सांगावे. थेर असो वा नवदीक्षित, कोणी यातून सुटत नाही. एकत्र राहणाऱ्यांनी निरोप घेण्यापूर्वी करावयाचा याहून शहाणा विधी मला इतिहासात दिसलेला नाही. विनयपिटकात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. आपण पौर्णिमेला वंदना घेतो, खीरदान करतो आणि पवारणेचा गाभा तेवढा सोडून देतो.

निवासी शाळेने माजी विद्यार्थ्यांसमोर पवारणा करावी. जेवण कसे होते, कोणत्या शिक्षकाचा मार अजून आठवतो, मुलींच्या स्नानगृहाचे दार किती वर्षे मोडके होते, कोणाला कोणत्या आडनावावरून हिणवले गेले, हे बोलायला एक सत्र असावे आणि त्यात आम्ही शिक्षकांनी खाली बसून ऐकावे. सहकाऱ्यांना हे रुचणार नाही, याची कल्पना आहे. विद्यार्थ्यांसमोर गुरुजनांचे वाभाडे काढल्याने शिस्त बिघडेल, असा आक्षेप येईल. त्यासाठी हवे तर ते सत्र आजी विद्यार्थ्यांविना घ्यावे, पण घ्यावे. आजच्या मेळाव्यात माजी विद्यार्थी बोलतात ते केवळ कृतज्ञतेचे, आणि बोलतात तेही ठरावीकच. राजपत्रित अधिकारी, अभियंता, प्राध्यापक, एखादा परदेशी गेलेला. दहावीत नापास होऊन गवंडीकामाला लागलेला विद्यार्थी मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून उभा असतो किंवा आलेलाच नसतो. आठवीतून गेलेली मुलगी माजी विद्यार्थिनींच्या यादीतच नसते, कारण यादी आपण दहावी उत्तीर्णांची करतो. शाळेत चुकते काय, हे नेमके सांगू शकणारी माणसे हीच आहेत.

गुणगौरवाविषयी एक संदर्भ देतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या पहिल्या सत्काराची हकिकत सांगितली आहे. इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्यावर वस्तीतील लोकांना त्यांचा सत्कार करावयाचा होता. वडिलांनी, सुभेदार रामजींनी, मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून साफ नकार दिला. मग लोक दादा केळुसकरांकडे गेले, त्यांनी रामजींचे मन वळविले आणि सभा झाली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. (काही चरित्रकार हा प्रसंग १९०७ सालच्या मॅट्रिकच्या वेळचा मानतात; मी खुद्द बाबासाहेबांचे कथन प्रमाण मानतो.) सन्मानचिन्हाऐवजी पुस्तक द्यावे, हा या हकिकतीतून निघणारा बोध आपण पुष्कळदा ऐकला आहे. माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. लोकांनी वडिलांना विचारले. त्यांचा नकार ऐकला, त्यांच्याशी वाद घातला, त्यांच्या मित्राला मध्ये घेतले. पालकाला वगळून मुलाचा गौरव करावा, असे त्या साध्या माणसांच्या मनात आले नाही.

आपल्या वसतिगृहांची परंपराही अशीच समाजाच्या आधाराने उभी राहिली. राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरात १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह उघडले. ज्यांच्या घरी दिवा नव्हता आणि जागा नव्हती, त्यांच्या मुलांना अभ्यासाला छप्पर मिळावे, हा हेतू होता. आज दिवा बहुतेकांच्या घरी आहे. हंगामात घरालाच कुलूप असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने साखरशाळा, हंगामी वसतिगृहे आणि आता संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. त्यांचे बरेवाईट हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

राहिला पालकांना बातमी पोहोचविण्याचा प्रश्न. आपण सूचनाफलकावर लिहितो, व्हॉट्सॲपवर छापील पत्राचे छायाचित्र पाठवितो आणि कर्तव्य पार पडले असे मानतो. ज्या आईला वाचता येत नाही, तिला त्या छायाचित्रातून काहीच कळत नाही. वर्गशिक्षकाच्या आवाजातील अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश तिला कळतो. वसतिगृहात पालकांच्या फोनची वेळ रविवारी दुपारी ठेवलेली असते. तोडणी पहाटेपासून चालते आणि गाडी येईल तेव्हा, रात्री-बेरात्रीसुद्धा, ती भरावी लागते. त्यांच्या दिवसात ‘रविवार दुपार’ असा मोकळा भाग नसतो. तेव्हा वेळेचा हट्ट सोडावा. प्रवेशअर्जावर गावचा पत्ता असतो. त्याच्याखाली कारखान्याचे नाव, मुकादमाचा क्रमांक आणि टोळीतील आणखी एकाचा क्रमांक, एवढे तीन रकाने वाढवावेत. मूल तापाने फणफणले असताना गावच्या पत्त्यावर निरोप धाडून उपयोग होत नाही.

माजी विद्यार्थी खरोखर उपयोगी पडतील ते येथे. देणगीची पावती फाडणे सोपे आहे, आणि तिचीही गरज आहेच. परंतु आपले कितीतरी माजी विद्यार्थी आज ऊसपट्ट्यात नोकरीला आहेत. कोणी एस.टी.त वाहक आहे, कोणी तलाठी, कोणी परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी बँकेत. त्यांनी हंगामात महिन्यातून एकदा जवळच्या फडावर जावे. मुलाची गुणपत्रिका वाचून दाखवावी, त्याचे चित्र किंवा वही दाखवावी, आईचा निरोप फोनवर मुलापर्यंत पोहोचवावा. ज्या माणसाने स्वतः या वसतिगृहाची भाकरी खाल्ली, त्याने ‘ताई, पोरीला राहू द्या, मीही तिथेच राहिलो’ असे म्हणणे आणि मुख्याध्यापकांचे पत्र येणे, यांत फार अंतर आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी व्यथा बोलून दाखविली, तिचा उल्लेख आपल्या प्रत्येक व्यासपीठावर होतो आणि टाळ्याही पडतात. महिन्याचा एक रविवार मागितल्यावर किती हात वर होतात, ते पाहावयाचे आहे.

तारीख बदलण्यास अडचणी आहेत. परतीचा पाऊस असतो. मंडपाऐवजी वर्गखोल्या, व्हरांडे आणि विहाराचे सभागृह वापरावे लागेल. नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्यांची रजा संपलेली असेल. पाहुणे मिळणार नाहीत, असेही कोणी म्हणाले. न मिळाल्यास सकाळचे पहिले सत्र पालक आणि वर्गशिक्षक यांचे ठेवावे, आणि ज्यांच्या घरातून मुलगी टोळीबरोबर जाण्याची शक्यता आहे, त्यांच्याशी प्रत्येकी अर्धा तास बोलावे. भाषणांचा वेळ त्यातच संपेल. मुलांची नाटके-गाणी दुपारी व्हावीत, आईवडिलांना पाहता येतील अशी. काही आयांनी आपल्या मुलाला रंगमंचावर एकदाही पाहिलेले नाही.

या प्रस्तावाची प्रत मी संस्थेच्या कार्यकारिणीकडे दिली आहे. कार्यालयात एक नोंदवही ठेवण्याची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली असून तीत माजी विद्यार्थी-विद्यार्थिनींनी आपले नाव, राहण्याचे गाव, जवळचा साखर कारखाना आणि फोन क्रमांक लिहावा. दहावी पूर्ण न केलेल्यांनीही लिहावा. इयत्तेचा रकाना तीत नाही. पालकांनी यंदा कोणत्या कारखान्याला जाणार, ते दसऱ्यापूर्वी वर्गशिक्षकांना कळवावे. लिहिता येत नसेल तर सांगावे, आम्ही लिहून घेऊ.