नळ, गटार आणि अर्थशास्त्र

इंदूर म्हटले की मराठी मनाला होळकरांची आठवण होते. त्याच इंदुरात १ ऑक्टोबर १९४५ रोजी जन्मलेल्या डॉ. ईशर जज अहलुवालिया यांची आठवण मात्र क्वचितच होते. २६ सप्टेंबर २०२० रोजी त्या निवर्तल्या. विद्यापीठातील विद्वत्ता आणि सरकारी धोरण यांची सांगड कशी घालावी, याचा त्यांचे जीवन हा एक वस्तुपाठ होता.

कोलकात्याचे प्रेसिडेन्सी कॉलेज, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि अमेरिकेतील एमआयटी असे त्यांचे शिक्षण झाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील काम सोडून त्या मायदेशी परतल्या. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने, साठच्या दशकाच्या मध्यापासून भारतीय उद्योगांची वाढ का खुंटली, या प्रश्नाला हात घातला. परवाना पद्धती, आयातबंदीचा आडोसा आणि वीज-रेल्वेची दुरवस्था यांनी कारखानदारीची उत्पादकता मारली, हे त्यांनी आकडेवारीनिशी दाखविले. पुढे १९९१ च्या ग्रंथातील त्यांच्या निष्कर्षांवर इतर अर्थशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, वाद झडले. परंतु मतभेदाला पुराव्यानेच उत्तर द्यावयाचे, ही शिस्त विद्येच्या क्षेत्रात मोलाची असते.

आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण उत्तरायुष्यात दिसले. पती माँटेकसिंग नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असल्याने दिल्लीतील मोठमोठ्या विषयांवर बोलणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी विषय निवडला तो नळ, गटार आणि कचऱ्याचा! २००८ साली केंद्राने नेमलेल्या नागरी पायाभूत सुविधांविषयीच्या उच्चाधिकार समितीच्या त्या अध्यक्षा होत्या. समितीने २०११ साली दिलेल्या अहवालानुसार, वीस वर्षांत शहरांवर ३९.२ लाख कोटी रुपयांची भांडवली गुंतवणूक आवश्यक होती. देखभालीसाठी आणखी १९.९ लाख कोटी लागणार होते. हा दुसरा आकडाच अधिक बोलका आहे. जलवाहिनी घातली म्हणजे पाणी मिळाले असे नव्हे. ती वर्षानुवर्षे राखावी लागते. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांवर जबाबदाऱ्या सोपविल्या, पण त्यांची तिजोरी रितीच राहिली, म्हणून त्यांच्या हक्काच्या करांची स्वतंत्र सूची राज्यघटनेत असावी, अशी शिफारसही समितीने केली. ती अद्याप कागदावरच आहे.

त्यांच्या जन्मगावानेच या विचाराच्या दोन्ही बाजू देशाला दाखविल्या. घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करून इंदूरने २०१७ पासून स्वच्छता सर्वेक्षणात सातत्याने अव्वल स्थान मिळविले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू बनविणारा प्रकल्प सुरू झाला. परंतु २०२५ च्या अखेरीस त्याच शहरातील भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे प्राणांस मुकली. रस्ता आरशासारखा लखलखीत आणि त्याखालची नळवाहिनी मात्र विषारी! मानचिन्ह डोळ्यांना दिसते त्या कामाला मिळते. जमिनीखालच्या देखभालीला ना फीत कापणारा मंत्री लाभतो, ना छायाचित्रकार.

गोमंतकाने यापासून बोध घ्यावा. मडगावच्या सोनसोड्यावरील कचऱ्याच्या डोंगराने किती पालिका मंडळे आली आणि गेली, ते पाहिले आहे. साळगावचा प्रक्रिया प्रकल्प २०१६ मध्ये उभा राहिला, तेव्हा हे काम आपल्यालाही जमते हे सिद्ध झाले. पण प्रकल्प उभारणे आणि तो नीट चालविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या पालिका अंदाजपत्रकांत नव्या बांधकामाला किती आणि जुन्या वाहिन्यांच्या तपासणीला किती, हा प्रश्न पालिका निवडणुकीत मते मागावयास येणाऱ्या प्रत्येकाला नागरिकांनी विचारावयास हवा.

अर्थशास्त्र म्हणजे केवळ राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे नव्हेत. सकाळी नळ उघडल्यावर निर्धास्तपणे ओंजळ भरता येते की नाही, हाही अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे. इंदूरच्या या कन्येने तो विचारला होता. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आता आपल्या सर्वांची आहे.