फोन हिसकावला, गुन्हेगार मोकळाच



कोरडवाहू कापूस-ज्वारीत भागत नाही म्हणून दसऱ्यानंतर गेवराई तालुक्यातून कोयते कारखान्यांकडे निघतात. पोरं आजी-आजोबांपाशी राहतात. आई-बापाशी बोलायला म्हणून घरात एक मोबाईल राहतो. 2020 च्या टाळेबंदीत तर शाळाच त्या मोबाईलमध्ये गेली. आता त्यातूनच कोणी अनोळखी गोड बोलून पोरीचा फोटो मिळवतो, नाहीतर तिच्या साध्या फोटोला दुसरेच अंग चिकटवतो, आणि मग धमकावतो: पैसे दे, नाहीतर गावभर पाठवतो.

अशा वेळी आपण काय करतो? फोन हिसकावतो, शाळा सोडवतो, घाईने सोयरीक जमवतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुली शंभरात चाळीसच्या वर निघाल्या. त्यामागे ऊसतोड आहे, दारिद्र्य आहे. पण अब्रूची भीतीही आहेच. गुन्हा कुणाचा, शिक्षा कुणाला! पोरीला हे आधीच ठाऊक असते, म्हणून ती घरात तोंड उघडत नाही. धमकावणाऱ्याचा सगळा धंदा तिच्या गप्प बसण्यावर चालतो. सावकाराचाही असाच चाले. कर्ज चारचौघांत बोलायची आपल्याला लाज, तोवर त्याचे व्याज वाढतच होते. म्हणून कोयते निघण्याआधी पोरीला सांगून ठेवा, काही झाले तरी तुझी शाळा सुटणार नाही.

कायदा तिच्या बाजूने आहे. 2012 च्या पोक्सो कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुला-मुलीला असे चित्र, खरे असो की बनवलेले, वापरण्याची धमकी देणे हाच गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आहे. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. (मुलगेही फसतात, झटपट कर्जाच्या ॲपवर तर फारच, ते आणखी कमी बोलतात.) धमकीचे संदेश पुसू नका, तो पुरावा आहे. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. मुलांच्या मदतीसाठी 1098 आहे.

ठाण्यात कोणी 'हे सायबरचे काम, बीडला जा' म्हणाले तर हलू नका. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. एकट्या बाईला परत पाठवणे सोपे असते. भरवशाची दोन-तीन माणसे बरोबर न्या, तक्रार लेखी द्या आणि नोंदीची प्रत हातात आल्याशिवाय उठू नका.