चौकटीवरची किल्ली

दिवाळीत काटोलला गेलो होतो. बाबांच्या आधारची प्रिंट हवी होती, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात गेलो. बाबांच्या मोबाइलवरून पीडीएफ दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. पासवर्ड मागितला गेला तेव्हा पोराने मान वर न करता विचारलं, "काकाजी, जन्मसाल?" बाबांनी चारचौघांत मोठ्याने सांगितलं. नाव विचारायची गरजच नव्हती, ते व्हॉट्सअ‍ॅपवर दिसत होतं.

ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. हे सूत्र कुणा हॅकरने शोधलेलं नाही, सरकारनेच जाहीर केलंय. नाव ठाऊक असेल तर उरतात फार तर १०० सालं. एटीएममध्ये तीनदा पिन चुकला की कार्ड अडकतं. डिस्कवर पडलेली पीडीएफ मात्र चुका मोजत नाही. ई-पॅनला पूर्ण जन्मतारीख लागते, म्हणजे शंभर वर्षांचे ३६,५२५ दिवस. लॅपटॉपला हे किरकोळ काम आहे. आणि केक कापतानाचं स्टेटस कोण टाकत नाही?

एन्क्रिप्शन बोगस आहे असं मी म्हणत नाही. दार सागवानी आहे, कुलूप पोलादी आहे आणि किल्ली चौकटीवर ठेवलीय. केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, गुपित किल्लीत हवं. आपण किल्लीचीच जाहिरात करतो.

मीही साळसूद नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी ग्राहकांच्या स्टेटमेंटला जन्मतारखेचा पासवर्ड लावणारा कोड मीच लिहिला. रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न आला: सपोर्टचे फोन वाढणार नाहीत ना? फाइल कुणाच्या हाती लागेल, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

"म्हाताऱ्यांना अवघड पासवर्ड आठवत नाही," हे यावरचं ठरलेलं उत्तर. माझ्या बाबांना शेताचे गट नंबर आणि संत्र्याची फळगळ कुठल्या साली किती झाली, हे तोंडपाठ आहे. शिवाय आधारच्याच ऑफलाइन केवायसीच्या झिप फाइलला शेअर कोड माणूस स्वतः ठरवतो. तिथे जमतं, तर पीडीएफला का नाही?

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सांगितलं होतं की झेरॉक्स वाटू नका, फक्त शेवटचे चार अंक दाखवणारं मास्क्ड आधार द्या. दोनच दिवसांत सूचना मागे घेतली गेली. नेहमीची खबरदारी घ्या म्हणाले. नेहमीची म्हणजे कुठली? रांगेत उभं राहून साल ओरडायची?

पोराला म्हटलं, फाइल डिलीट कर. त्याने केली. "रिसायकल बिनमधूनही," मी म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला. तोवर मागच्या आजोबांनी मोबाइल पुढे केला आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, "माझं एकोणपन्नास."