फी घ्या, पण आधी हिशेब दाखवा

शहर चालवावयास पैसा लागतो, हे आम्हांस मान्य आहे. नळाचे पाणी फुकट येत नाही, आणि कचरा उचलणाऱ्यालाही पोट आहे. मिरा-भाईंदर येथे ग्रामपंचायती मोडून १९८५ साली नगरपालिका झाली व २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारीत येथील वस्ती आठ लाखांवर गेली. दरम्यान जकात गेली, आणि तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१७ साली जीएसटी येताच संपला. तेव्हा पालिकेची नजर फीकडे वळावी यात नवल नाही. २००५ साली निघालेल्या केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी योजनेतही, सेवा चालविण्याचा व दुरुस्तीचा सारा खर्च सात वर्षांत फीतून वसूल करावा, अशी अट होतीच.

परंतु आमचा सवाल निराळा आहे. खर्च म्हणावे तरी कशाला? फुटक्या नळातून वाहून गेलेले पाणी, कंत्राटदाराचे फुगविलेले बिल, बड्या थकबाकीदारांकडे राहिलेली रक्कम, हे सारे खर्चात धरून त्याची फी गरिबाच्या माथी मारणे म्हणजे आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असा प्रकार होय. कर सर्वांच्या सोयीसाठी असतो. फी म्हणजे मिळालेल्या सेवेचे मोल. सेवा नाही तेथे फी कसली?

टोपली घेऊन बसणाऱ्या कोळिणीकडून वा भाजीवालीकडून बाजारफी घ्यावयाची, तर तिला बसावयास जागा, पाणी, दिवा व शौचकूप मिळालेच पाहिजे. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने शहर समितीत फेरीवाल्यांचे निदान चाळीस टक्के प्रतिनिधी असावेत व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे ठरविले आहे. त्यांना विचारल्याशिवाय दर ठरवू नयेत. उत्तनचे उदाहरण घ्या. सगळ्या शहराचा कचरा त्या बाजूच्या डोंगरावर जातो. घाणेरडे पाणी व धूर सोसतात तेथले शेतकरी व कोळी. त्यांच्या सोसण्याचे मोल कोणत्या खात्यात मांडले आहे?

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर गावाचा पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला. पैसा रयतेचा, म्हणून हिशेबही रयतेला, हाच त्यातला धडा.

यास्तव आमचे म्हणणे असे. पाणी, गटार, कचरा व बाजार यांचे जमाखर्च वेगवेगळे मांडून मराठीत चावडीवर लावा. पिण्यापुरते पाणी स्वस्त ठेवा आणि जास्त वापरणाऱ्यास चढा दर लावा. गळती व थकबाकी आधी आटोक्यात आणा, मग दर वाढवा.

वाचकहो, पावती घेतल्याशिवाय एक पैही देऊ नका. माहितीचा अधिकार २००५ पासून तुमच्या हाती आहे. चार घरांनी मिळून एक अर्ज करा. हिशेब मागणे म्हणजे फी बुडविणे नव्हे. जो फी भरतो, त्यानेच तो मागितला पाहिजे.